समरकंदचे घुमट बघून झाले, पुढे? : मध्य आशियातल्या गावांमधली म्युझियमं आणि बाजार

घाटमाथा

उझबेकिस्तानवर इथे धागे बरेच झालेत, पण जवळजवळ सगळे समरकंदचा रेगिस्तान चौक, बुखाऱ्याचा कलान मिनार आणि खिव्याचा तट इथे येऊन थांबतात. ते बघावंच. हा धागा त्यानंतरच्या दिवसांसाठी. ज्या गावाबद्दल टॅक्सीवाला "तिथे काय आहे बघायला?" असं विचारतो, त्या गावात दिवस कसा घालवायचा त्याबद्दल.

माझी पद्धत सोपी. आधी गावचं म्युझियम, मग बाजार.

सोव्हिएत काळात छोट्या-मोठ्या शहरांत स्थानिक इतिहासाची म्युझियमं निघाली आणि त्यांचा साचा बहुतेक एकच. पहिल्या दालनात पेंढा भरलेला लांडगा, गरुड, डोंगरी बकरा. मग दगड आणि खनिजं. मग हाडं-मडकी. मग तंबू, खोगिरं, चांदीचे दागिने. मग क्रांती, सामुदायिक शेती, महायुद्ध. इथपर्यंत किर्गिझस्तान काय आणि ताजिकिस्तान काय, डोळे मिटून चालता येतं. तुम्ही एकटेच असाल तर एक आजी तुमच्या पुढे-पुढे दिवे लावत जाते आणि तुम्ही दालनाबाहेर पडलात की मागचे विझवते. तिची परवानगी असल्यासारखंच बघावं लागतं.

खरी मजा शेवटच्या दालनात. ते १९९१ नंतर बदललेलं असतं. लेनिन गेला, आता त्या जागी कोण, हे प्रत्येक देशानं आपापलं ठरवलं. उझबेकांनी तैमूर घेतला, ताजिकांनी जुना राजा इस्माइल सामानी, किर्गिझांनी महाकाव्याचा नायक मनास. ताश्कंदच्या मुख्य चौकात एकेकाळी झारचा गव्हर्नर कॉफमनचा पुतळा होता, पुढे स्टालिन आला, मग मार्क्स. १९९३ पासून तिथे घोड्यावर तैमूर आहे. खुजंदमधला लेनिनचा अवाढव्य पुतळा २०११ साली हलवला आणि तिथे सामानी उभा राहिला. चौकात जे झालं तेच छोट्या प्रमाणात त्या शेवटच्या दालनात झालेलं असतं.

आणि दालनात जे बसलं नाही, ते बाहेर बाजारात असतं. उदाहरणार्थ कोरियन. १९३७ साली स्टालिननं सुदूर पूर्वेकडून सुमारे १,७२,००० कोरियन माणसं आगगाड्यांत भरून कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात आणून सोडली. गावच्या म्युझियममध्ये त्यांच्या वाट्याला फार तर एखादा फोटो. बाजारात मात्र त्यांची आख्खी ओळ: बारीक किसलेल्या गाजराची लसूण, धणे, तिखट आणि व्हिनेगर घातलेली कोशिंबीर. किमचीला हवा तो कोबी इथे मिळेना म्हणून गाजर आलं. आज ती कोशिंबीर न खाणारा उझबेक शोधावा लागेल.

कुणी अशी आडगावं केली असतील तर लिहा. फोटो नंतर टाकतो.

ढवळ्या_पवळ्या

छान लिहिलंय, पण कोशिंबिरीतून इतिहास वाचणं जरा जास्त होतंय असं नाही का वाटत? बाजारात गेलं की लोकजीवन कळतं हे प्रवासवर्णनवाल्यांचं लाडकं वाक्य. प्रत्यक्षात त्या बाजारांत अर्ध्याहून जास्त माल चिनी. प्लॅस्टिकच्या बादल्या, मोबाइलची कव्हरं, चादरी. त्यात मध्य आशिया कुठे शोधायचा?

घाटमाथा

@ढवळ्या, बरोबर मुद्दा. म्हणूनच किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकला गेलात तर दोरदोई चुकवू नका. १९९२ मध्ये सुरू झालेला घाऊक बाजार. जहाजाचे कंटेनर एकावर एक ठेवलेत: खालच्यात दुकान, वरच्यात गोदाम. मैलोनमैल. आपलं उल्हासनगर पत्र्याच्या डब्यांत भरलं तर असंच दिसेल. चीनमधून माल येतो आणि इथून कझाकस्तान, रशियापर्यंत जातो. सोव्हिएत संघ कोसळल्यावर कारखाने बंद पडले आणि शिक्षक, इंजिनियर, नर्सा पोत्यांत कपडे भरून विकायला उभ्या राहिल्या. त्या पिढीचं म्युझियम अजून कुणी काढलेलं नाही. तोवर दोरदोईच ते काम करतंय.

त्याच बिश्केकमध्ये फ्रुंझेचं घर बघा. मिखाइल फ्रुंझे, लाल सेनेचा सेनापती, १८८५ साली इथे जन्मला. १९२६ पासून १९९१ पर्यंत शहराला त्याचंच नाव होतं. त्याचं म्हणून सांगितलं जाणारं गवती छपराचं घर जपायचं, म्हणून त्याच्याभोवती काँक्रीटची इमारत बांधली. तुम्ही आत शिरता आणि इमारतीच्या पोटात एक झोपडी उभी असते. शहराचं नाव गेलं, झोपडी राहिली.

ओवी

कापडात रस असणाऱ्यांसाठी: फरगाना खोऱ्यातलं मर्गिलान. गुरुवारी किंवा रविवारी जा, कारण कुमतेपा बाजार त्याच दिवशी भरतो. आणि बाजाराच्या आधी योदगोरलिक नावाचा रेशमाचा कारखाना बघा. कोश उकळत्या पाण्यात टाकून धागा काढण्यापासून मागापर्यंत सगळं डोळ्यांसमोर चालतं.

अद्रस आणि अत्लस ही तिथली खास कापडं. अद्रसमध्ये ताणा रेशमी, बाणा सुती. अत्लस पूर्ण रेशमी आणि चकचकीत. नक्षी कापडावर छापत नाहीत. ताण्याचे धागे आधीच नक्षीप्रमाणे गाठी बांधून रंगात बुडवतात. एक रंग झाला की गाठी सोडून दुसरीकडे बांधायच्या, पुन्हा बुडवायचं. विणताना धागे किंचित सरकतात, म्हणून डाळिंब, बदाम, मेंढ्याची शिंगं, सगळ्यांच्या कडा पाझरल्यासारख्या दिसतात. कुणीतरी मागे एका धाग्यात याला "उझबेक पैठणी" म्हटलं होतं. पैठणीत काठ-पदराची नक्षी मागावरच रंगीत धागे गुंतवून भरतात. हे काम पटोळ्याच्या नात्यातलं. पटोळ्यात ताणा-बाणा दोन्ही बांधून रंगवतात, इथे फक्त ताणा.

कुमतेपात खऱ्याच्या शेजारीच छापील पॉलिस्टर ढिगानं पडलेलं असतं, आणि स्थानिक बायका तेच जास्त घेतात. स्वस्त, धुवायला सोपं. त्यांना नावं ठेवायला आपण कोण. पण तुम्हाला खरं अद्रस हवं असेल तर कापड उलटून बघा. छापील कापड मागच्या बाजूनं फिकट असतं, अद्रसची नक्षी दोन्हीकडे सारखी दिसते.

अजून एक. ताश्कंदला उपयोजित कलांचं म्युझियम आहे, पोलोवत्सेव नावाच्या झारकालीन रशियन अधिकाऱ्याच्या घरात. तिथल्या सुझानी, म्हणजे भरतकामाच्या मोठ्या चादरी, लांबून बघू नका. जवळ जाऊन जोड शोधा. चादर अरुंद पट्ट्यांत विभागून घरातल्या वेगवेगळ्या बायकांना भरायला द्यायचे आणि शेवटी पट्ट्या जोडायच्या. त्यामुळे जोडावर फूल अर्धा इंच चुकतं, पाकळीचा लाल एकीकडे गडद आणि दुसरीकडे फिका. हे एकदा दिसलं की दुकानातल्या यंत्रावरच्या सुझानीकडे बघवत नाही.

आजीचा_फडताळ

वाचतेय. आम्ही दोघं शाकाहारी, ह्यांचं वय सत्तरीच्या पुढे. तिकडे आमचं निभेल का ते कुणीतरी सरळ सांगा. एजंट म्हणतो "सगळं मिळतं मॅडम".

कुरुंदवाडकर

काकू, एजंटचं सोडा. निभेल, पण स्वतः बघावं लागेल. नान सगळीकडे, आणि काय नान! भट्टीतून निघालेला, मधे ठशानं टोचे मारलेले. समरकंदचा जाड आणि जड, ताश्कंदचा हलका. नान उलटा ठेवू नका, घरच्या लोकांना आवडत नाही. त्याबरोबर साय, टोमॅटो-कांद्याची अचिचुक नावाची कोशिंबीर, दही. भोपळ्याचा सामसा, म्हणजे भट्टीतला समोसा, मिळतो, पण कधीकधी त्यात मेंढीच्या शेपटीची चरबी घालतात, तेव्हा विचारून घ्या. "मांस नको" म्हटलं की सूपमधले तुकडे बाजूला काढून तेच सूप पुढे ठेवणारेही भेटतील. त्यात त्यांचा वाईट हेतू नसतो.

बाजारात मूग आणि हरभरे पोत्यांनी असतात. छोटा कुकर असेल तर प्रश्न मिटला. सुका मेवा, जर्दाळू, खरबुजं याबद्दल तर लिहायलाच नको.

मी कझाकस्तानात तेलाच्या कामावर होतो, म्हणून तिकडचं लिहितो. आधी व्यवहाराचं: भारतीयांना कझाकस्तानात २०२२ पासून १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. निघण्याआधी नियम पुन्हा बघून घ्या.

तिकडच्या म्युझियममध्ये सोनेरी माणूस भेटतो. अल्माटीजवळ इस्सिकच्या टेकाडात १९६९ साली सापडलेल्या शक योद्ध्याचा पोशाख, सोन्याचे चार हजारांवर तुकडे. तुम्हाला दिसते ती बहुतेक वेळा प्रतिकृती. गावोगावच्या म्युझियममध्ये तो उभा असतो. नंतर नंतर आम्ही त्याला "आला का साहेब" म्हणायचो.

पण कझाकस्तानात एकच म्युझियम बघायचं तर करागांदाजवळचं दोलिंका. कारलाग या छावण्यांच्या अवाढव्य जाळ्याचं मुख्यालय होतं तिथे, त्याच इमारतीत म्युझियम आहे. आस्तानाजवळ अल्झिर आहे, "मातृभूमीच्या गद्दारां"च्या बायकांची छावणी. गुन्हा एवढाच की नवऱ्याला पकडलं होतं. आणि या सगळ्याच्याही आधीचा १९३०-३३ चा दुष्काळ. भटक्या कझाकांची जनावरं सरकारनं काढून घेतली, माणसांना जबरदस्तीनं एका जागी बसवलं. सुमारे १५ लाख माणसं मेली. घाटमाथा म्हणतात ते शेवटचं दालन बदललं हे खरं, पण या देशात मधलं दालनही बदललं. सामुदायिक शेतीच्या ट्रॅक्टरच्या फोटोशेजारी आता मेलेल्यांचे आकडे आहेत. सगळ्या शेजाऱ्यांनी एवढं केलेलं नाही.

तळटीप

ताजिकिस्तानबद्दल थोडी भर.

दुशान्बेत दोन म्युझियमं आहेत आणि लोक नवं, भपकेबाज राष्ट्रीय म्युझियम बघून परततात. तुम्ही जुन्या पुरावस्तू संग्रहालयात जा. वरच्या मजल्यावर झोपलेला बुद्ध आहे, जवळजवळ १३ मीटर लांब, कच्च्या मातीचा. दक्षिणेतल्या अजिना-तेपा या सातव्या-आठव्या शतकातल्या विहाराच्या उत्खननात १९६६ साली सापडला. एवढी मातीची मूर्ती हलवायची कशी? कापून. तुकडे करून राजधानीत आणली आणि पुढे कित्येक वर्षं ती साठ्यातच पडून होती. यादवी युद्धही त्या काळात होऊन गेलं. २००१ साली म्युझियम उघडलं तेव्हा ती जोडून लोकांसमोर आली. त्याच वर्षी मार्चमध्ये पलीकडे अफगाणिस्तानात बामियानचे बुद्ध उडवले होते.

दुसरं पंजकेंत. सोग्दी या इथल्या प्राचीन इराणी लोकांच्या व्यापाऱ्यांचं शहर, ७२२ साली अरबांच्या हाती पडलं. मातीच्या भिंती अजून टेकडीवर उभ्या आहेत. तिथल्या घरांत भित्तिचित्रं निघाली, आणि त्यांत पंचतंत्रातल्या गोष्टी रंगवलेल्या आहेत, सिंह आणि सशाची धरून. राजवाड्यात नाही हो, व्यापाऱ्यांच्या घरांत. मूळ चित्रं दुशान्बेत आणि सेंट पीटर्सबर्गला आहेत. पंजकेंतच्या रुदाकी म्युझियममध्ये बऱ्याचशा नकला. नकला म्हणून टाळू नका, कारण नक्कल बघून लगेच टेकडीवर त्या रिकाम्या खोलीत उभं राहता येतं. पीटर्सबर्गला ते जमत नाही.

समरकंदहून जेमतेम ६० किलोमीटर. मधली चौकी कित्येक वर्षं बंद होती, २०१८ मध्ये उघडली. ताजिक व्हिसा वेगळा काढावा लागतो. आणि उझबेक व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परत आत येता येणार नाही, हे आधी बघा.

ढवळ्या_पवळ्या

सिंह आणि ससा, ठीक आहे, आता मी ऐकतोय. पण वायव्य उझबेकिस्तानातलं ते नुकूसचं म्युझियम? सगळे "वाळवंटातलं लूव्र" म्हणून ढोल वाजवतात. एवढ्या लांब जाण्यासारखं आहे का?

उंटावरचा_शहाणा

आहे, पण त्या नावानं जाऊ नका, नाव मूर्ख आहे.

गोष्ट थोडक्यात: इगॉर सावित्स्की, जन्म १९१५, चित्रकार. १९५० मध्ये ख्वारझमच्या पुरातत्त्व मोहिमेबरोबर चित्रं काढायला आला आणि मॉस्को सोडून काराकालपाकस्तानात, म्हणजे नुकूसच्या प्रांतातच राहिला. आधी गावोगाव हिंडून लोकांकडच्या वस्तू जमवल्या: गालिचे, तंबूचे पट्टे, दागिने, नवरीचे पोशाख. लोक त्याला भंगारवाला समजत. १९६६ मध्ये म्युझियम मिळालं. मग त्यानं दुसरा उद्योग सुरू केला. स्टालिनच्या काळात ज्यांची चित्रं बाद ठरली त्या चित्रकारांच्या विधवा आणि मुलं गाठायची, माळ्यावर, पलंगाखाली गुंडाळून ठेवलेली चित्रं घ्यायची, पैसे नंतर देतो म्हणून चिठ्ठी लिहायची, आणि माल रेल्वेनं नुकूसला आणायचा. एवढ्या कोपऱ्यात मॉस्कोचं कोण बघायला येणार? १९८४ मध्ये तो वारला तेव्हा म्युझियमवर बरीच उधारी होती.

लिसेंको या चित्रकाराचा बैल तुम्ही फोटोत पाहिला असेल, निळसर अंग आणि डोळ्यांच्या जागी बंदुकीच्या नळ्यांसारखी भोकं. समोर उभं राहिलं की फोटो विसरायला होतो. एकदा तपासणीला आलेल्यांनी तो उतरवायला लावला आणि ते गेल्यावर सावित्स्कीनं पुन्हा टांगला, असं तिथे सांगतात.

पण माझा वेळ गेला तो काराकालपाक कापडांत आणि दागिन्यांत. लोक ती दालनं धावत ओलांडून चित्रांकडे पळतात. सावित्स्कीची सुरुवातच तिथून झाली हे विसरतात. लाल कापडावरचं ते भरतकाम बघून नुकूसच्या बाजारात गेलात तर काहीच सापडणार नाही, एकही तुकडा नाही. घाटमाथांच्या नियमाला हा अपवाद. म्युझियममध्ये आहे ते बाजारातून नाहीसं झालंय. मासळीची रांग बघा आणि विचार करा: उत्तरेला सुमारे २०० किलोमीटरवर मुयनाक, एकेकाळी अरल समुद्राचं बंदर, मासे डबाबंद करायचा मोठा कारखाना. १९६०च्या दशकापासून कापसासाठी अमू आणि सिर या नद्यांचं पाणी वळवलं, समुद्र आटत गेला. आता वाळूत गंजलेली जहाजं आहेत, आणि छोट्या म्युझियममध्ये माशांचे डबे काचेमागे.

ओशची_आई

माझी मुलगी किर्गिझस्तानात ओशला एमबीबीएस करते. तिच्याबरोबर आपल्याकडची, म्हणजे लातूर-नांदेड, जळगाव, सांगली, अशी बरीच मुलं आहेत. २०२४ च्या मे महिन्यात बिश्केकला परदेशी विद्यार्थ्यांवर हल्ले झाले तेव्हा आम्ही सगळे पालक रात्रभर फोनला चिकटून होतो. त्यामुळे इथे नुसती कौतुकं वाचून थोडं विचित्र वाटलं, खरं सांगते.

तरीही लिहिते, कारण मी स्वतः जाऊन आले. ओश गावाच्या मधोमध सुलेमान-तू नावाचा डोंगर आहे, जागतिक वारशाच्या यादीत २००९ पासून. त्याच्या पोटातल्या गुहेत सोव्हिएत काळात म्युझियम केलंय, बाहेर काँक्रीटची प्रचंड कमान. आतल्या वस्तूंपेक्षा गुहाच लक्षात राहते. वर बाबरानं तरुणपणी बांधलेल्या खोलीची पुन्हा उभारलेली जागा. तो पलीकडच्या अंदिजानचा, १४८३ चा जन्म. आणि वाटेत एक गुळगुळीत झालेला उतरता दगड, बायका त्यावरून घसरतात, मूल व्हावं म्हणून किंवा पाठदुखी जावी म्हणून. म्हाताऱ्या, तरण्या, हसत-खिदळत. मुलीनं मलाही बसवलं. पाठ तशीच आहे.

मी गेले तेव्हा मुलं भाजी नदीकाठच्या जायमा बाजारातून आणायची. उझगेनचा तांबूस तांदूळ तिथे मिळायचा, पुलावासाठी तो प्रसिद्ध आहे. मुलं त्याचीच खिचडी लावतात, भात मऊ होत नाही म्हणून कुरकुरतात. २०१० च्या जूनमध्ये किर्गिझ-उझबेक दंगलीत या गावात खूप माणसं मेली, बाजारही जळला होता. घरमालकीण त्याबद्दल बोलत नाही. चहा ओतते, पुन्हा किटलीत टाकते, असं तीनदा, आणि मग आपल्याला देते. पेला भरून देत नाही, अर्धाच. भरून दिला तर पाहुण्यानं लवकर निघावं असा अर्थ होतो म्हणे.

घाटमाथा

@ओशची_आई, हे लिहिल्याबद्दल आभार. अशा नजरेनं आलेलं इथे कमीच असतं. मुलीला विचारून बाजाराचं अजून लिहा.

कुरुंदवाडकर

घाटमाथा, एक दुरुस्ती तुमच्या "आधी म्युझियम" नियमात. काराकोलला हे चालणार नाही. इसिक-कुलच्या पूर्व टोकाचं गाव, रविवारी जनावरांचा बाजार. पहाटे जावं लागतं, सकाळ टळली की मैदान रिकामं. घोडे, गाई, आणि जुन्या लाडा मोटारीच्या डिकीत बसवलेल्या मेंढ्या. भाव करताना एकमेकांचे हात धरून हलवत राहतात, सौदा ठरेपर्यंत सोडत नाहीत. मग दुंगान, म्हणजे चीनमधून आलेल्या मुसलमान लोकांची गार शेवयांची अशलान-फू (काकू, त्यात बहुतेक मांस नसतं, पण विचारा). मग खिळ्याशिवाय बांधलेली १९१० ची दुंगान मशीद, दिसायला थेट चिनी देऊळ. आणि शेवटी, जमलं तर, पर्झेवाल्स्कीचं म्युझियम. तो रशियन प्रवासी १८८८ मध्ये इथे विषमज्वरानं गेला, कबर सरोवराकाठी आहे. म्हणजे आधी बाजारच.

आजीचा_फडताळ

अशलान-फू लिहून घेतलं. कुकर नेणार. आता दिवसांचं जमवतेय: मर्गिलान गुरुवारी, काराकोल रविवारी, आणि पंजकेंत समरकंदहून. ह्यांना शास्त्रीजींचा पुतळाही बघायचाय ताश्कंदचा, त्यांना १९६६ चा जानेवारी चांगला आठवतो. सोमवारी काय करावं?

ओवी

सोमवार प्रवासाला ठेवा काकू, बरीच म्युझियमं बंद असतात. किंवा ताश्कंदची मेट्रो. १९७७ ची, प्रत्येक स्टेशन वेगळं, आणि २०१८ पर्यंत तिथे फोटो काढायला बंदी होती, आता काढू देतात. कोस्मोनावत्लार स्टेशन नक्की. शास्त्रीजींचा पुतळा आधी उरका, मेट्रोत गारवा असतो, दुपारसाठी ती बरी.

उंटावरचा_शहाणा

आणि नुकूस?

आजीचा_फडताळ

नुकूसला रात्रीची गाडी आहे असं एजंट म्हणतो. खालचा बर्थ मिळाला तर येऊ.